शितोळे आडनावाचा ठावठिकाणा

शितोळे हे पुणे प्रांताच्या देशमुखांचे आडनाव. मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेल्या जुन्या सांगवीत ते गावकीचे आडनाव आहे. दौंड तालुक्यात पाटस, कुसेगाव या बाजूला ते शेतकरी घरांचे आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीत त्याच्यापुढे ‘सरकार’ हा शब्द जोडल्याशिवाय कोणी ते उच्चारत नाही, आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागात ते शिंदेशाहीतल्या एका मोठ्या सरदार घराण्याचे नाव म्हणून ओळखले जाते. सांगवीपासून अंकली तीनशेच्या आसपास किलोमीटर, तर ग्वाल्हेर हजाराच्याही पलीकडे. मधल्या मुलखात हे आडनाव तुरळक आहे. एका प्रांतात दाट आणि मग एकदम दूरच्या दोन ठिकाणी ठसठशीत, अशी त्याची पसरण आहे. ती दुष्काळातल्या स्थलांतराने झालेली नाही आणि व्यापारानेही नाही. वतन, लष्करी चाकरी, एक सोयरीक आणि पंढरीची वारी या चार गोष्टींनी ती घडली.

सांगवी हे नाव संगमावरून पडले असे मानले जाते, आणि गावाचे ठिकाण त्याला दुजोरा देते. मावळातून आलेली पवना याच परिसरात, दापोडीलगत, मुळेला मिळते. महाराष्ट्रात सांगवी नावाची गावे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत आणि त्यांच्यावरून सांगवीकर हे आडनावही झाले. गुजराती आणि मारवाडी जैनांमधले संघवी हे आडनाव मात्र वेगळ्या कुळीचे. यात्रेचा संघ स्वखर्चाने नेणारा तो संघपती, त्यावरून संघवी. कानाला जवळजवळ सारखी लागणारी दोन आडनावे, एक नद्यांच्या संगमातून आलेले, दुसरे यात्रेकरूंच्या संघातून. आडनावाचे मूळ नुसत्या उच्चारावरून ठरवू नये, याचे याहून जवळचे उदाहरण सांगवीच्या माणसाला शोधावे लागणार नाही.

पण सांगवीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांची आडनावे सांगवीकर नाहीत. ती शितोळे आणि ढोरे आहेत. ‘कर’ लागतो तो गाव सोडलेल्याला; गावात राहणाऱ्याला गावाचे नाव सांगून स्वतःची ओळख देण्याची गरज पडत नाही. पिंपरी-चिंचवडच्या सगळ्या जुन्या गावांना हेच लागू पडते. पिंपळे गुरवला जगताप, पिंपळे सौदागरला आणि दापोडीला काटे, राहाटणीला नखाते आणि कोकणे, थेरगावला बारणे, पिंपरीला वाघेरे, वाकडला कलाटे आणि कस्पटे, रावेतला भोंडवे, निगडी-आकुर्डीला काळभोर, चऱ्होलीला तापकीर, भोसरीला लांडगे, लांडे आणि गव्हाणे. चिंचवडचे चिंचवडे हा अपवाद. तिथे गावाचेच नाव आडनाव झाले, तेही ‘कर’ न लागता. या भागात वाढलेल्या कोणालाही समोरच्याचे आडनाव ऐकताच त्याचे गाव सांगता येते. एका गावात एक-दोन आडनावांचे दाट पुंजके आणि शेजारच्या गावात वेगळेच आडनाव, ही रचना पाटीलकीच्या वतनातून आली. गावाची पाटीलकी ज्या कुळाकडे, त्याच्या वाढत्या भाऊबंदकीने गावची जमीन तक्षिमांमध्ये वाटून घेतली आणि कुळ तिथेच रुजले.

पाटील गावाचा, तर देशमुख परगण्याचा. अनेक गावांचा सारा ठरवताना सरकार आणि रयत यांच्यामध्ये देशमुख उभा असे. वसुलाला मदत करणे, उजाड झालेले गाव पुन्हा लावणे, गोतसभेत बसून तंटे तोडणे, प्रसंगी शिबंदी घेऊन उभे राहणे ही त्याची कामे. त्याच्या जोडीला हिशेबाचे काम पाहणारा देशपांडे. पुणे प्रांताची देशमुखी शितोळ्यांकडे, देशपांडेपण होनपांकडे आणि कसबे पुण्याची पाटीलकी झांबऱ्यांकडे अशी जुनी व्यवस्था होती. देशमुखीबरोबर रोख हक्क येत, इनाम जमिनी येत, तेल्याकडून तेल, चांभाराकडून जोडा अशी बलुत्या-कसबदारांकडून येणारी बाबही येई, आणि पोळ्याच्या बैलाला, होळीच्या पोळीला, दसऱ्याच्या सोन्याला पहिला मान मिळे. आजच्या वाचकाला यातली रक्कम महत्त्वाची वाटेल. त्या काळी भांडणे मात्र बहुतेक मानावरून होत.

वतन वारसाने मिळे आणि त्याची वाटणीही होई. थोरले घर, मधले घर, धाकटे घर अशा शाखा पडत आणि एकेक शाखा परगण्यातल्या एकेका गावी जाऊन राही. पुण्याच्या आजूबाजूला मुळा-पवनेच्या काठी आणि भीमेच्या खोऱ्यात शितोळे आढळतात, याचे पहिले कारण हे. देशमुखीचा टापू आणि आडनावाचा टापू बराचसा जुळतो.

नावाच्या उगमाविषयी मात्र हात आखडता घ्यावा लागतो. अनेक मराठा कुळांप्रमाणे शितोळ्यांच्या कुळकथेतही उत्तरेतल्या राजपूत वंशाशी नाते जोडले जाते. शहाण्णव कुळींच्या याद्यांमध्ये हे कुळ येते. पण त्या याद्याच एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत आणि त्यांतला बराच भाग उशिरा रचलेला आहे. ध्वनिसाम्यावरून वंश जुळवण्याची हौस मराठी कुलवृत्तान्तांना नेहमीच राहिली आहे. कागदांतून निश्चित दिसते ते एवढेच, की शितोळे हे सतराव्या-अठराव्या शतकातल्या मराठी कागदांत घट्ट झालेले कुळनाव आहे, आणि ते गावावरून पडलेले नाही. कुळीचे आडनाव लग्नसंबंधांचे नियम सांभाळते. एका आडनावात, एका देवकात सोयरीक होत नाही. म्हणूनच कागदावर लिहिण्याची सक्ती कोणी केली नव्हती तेव्हाही हे नाव टिकले. ते विसरून चालण्यासारखे नव्हते.

जुन्या कागदांत हे नाव शोधताना दोन अडचणी येतात. पहिली, मोडी कागदांत माणसाची ओळख बहुधा ‘अमुक बिन तमुक’ अशी, म्हणजे बापाच्या नावाने, पुढे गाव आणि हुद्दा जोडून दिलेली असते. आडनाव असते किंवा नसते. वतनाचा तंटा उभा राहिला की मात्र सगळे तपशिलाने लिहिले जाई. गोतसभा भरे, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर तयार होई. त्यावर हजर मंडळींची नावे आणि निशाण्या असत. पाटलाची निशाणी नांगर, सुताराची, लोहाराची त्यांची हत्यारे. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांच्या आडनावांची सर्वांत जुनी हजेरी याच महजरांवर सापडते.

दुसरी अडचण जास्त चकवणारी आहे. हुद्दा आडनावाला गिळून टाकतो. देशमुखी असलेल्या कुळातली कित्येक घरे नुसते ‘देशमुख’ असे लिहू लागली, पाटीलकी असलेली ‘पाटील’. त्यामुळे आज शितोळे लिहिणाऱ्यांची मोजदाद कोणी केलीच, तरी ती कुळाची मोजदाद होणार नाही. कुळ शितोळे आणि आडनाव देशमुख, असा माणूस मोजणाऱ्याच्या हातून निसटतो. इतिहासाच्या ग्रंथांतही हेच झाले आहे. या कुळातला सर्वांत प्रसिद्ध पुरुष इंग्रजी ग्रंथांत ‘लाडोजी देशमुख’ म्हणून येतो. तो शितोळे होता, हे वाचकाला वेगळे सांगावे लागते.

१६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे जाळून उद्ध्वस्त केले. शहाजीराजांच्या जहागिरीत, दादोजी कोंडदेवांच्या कारभारात, ते पुन्हा वसले. अशा वेळी देशमुख, देशपांडे, पाटील या वतनदारांची खरी कसोटी लागे, कारण परागंदा झालेल्या रयतेला बोलावून आणून कौल देणे त्यांच्या शब्दावर अवलंबून असे. राज्ये बदलली, निजामशाही गेली, आदिलशाही गेली, मोगल आले आणि गेले, छत्रपतींचे आणि मग पेशव्यांचे राज्य झाले. प्रांताची देशमुखी मात्र त्याच कुळात राहिली. शिवाजी महाराजांनी वतनदारांचा जोर पुष्कळ कमी केला, पण वतन ही गोष्ट मुळासकट उपटली गेली नाही.

शितोळे पुणे प्रांताबाहेर गेले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्याला कारण झाली एक सोयरीक. महादजी शिंद्यांची कन्या बाळाबाई लाडोजी नरसिंगराव शितोळे यांना दिलेली होती. शिंदे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे पाटील. उत्तर हिंदुस्थानची सूत्रे हाती आल्यावरही महादजींना स्वतःला पाटील म्हणवून घेण्यात अभिमान वाटे. १७८४ च्या अखेरीस दिल्लीच्या बादशाहीतले सर्वोच्च अधिकार त्यांच्या हाती आले. पुढच्या काळात दिल्लीच्या बंदोबस्तावर त्यांनी ज्यांना ठेवले त्यांत हा जावई होता. भीमाथडीचा देशमुख आणि कण्हेरखेडचा पाटील यांच्या बळावर शाहआलम बादशाहाचे तख्त उभे होते. मराठी राज्याची घडण दिल्लीतही दख्खनच्या वतनदारीच्या नात्यांवर किती उभी होती, ते यावरून कळते.

लाडोजींच्या वाट्याला दिल्लीत यश आले नाही. १७८७ मध्ये महादजी राजपुतान्याच्या मोहिमेत अडकले असताना रोहिला सरदार गुलाम कादर यमुनेच्या पैलतीरावर येऊन ठाकला. तोकड्या फौजेनिशी लाडोजींना त्याला रोखता आले नाही आणि ते दिल्ली सोडून निघाले. पुढच्या वर्षी गुलाम कादरने लाल किल्ल्यात शिरून बादशाहाचे डोळे काढले. मराठ्यांनी दिल्ली परत घेतली आणि गुलाम कादरला ठार केले. इतिहासकारांनी लाडोजींना या माघारीबद्दल कठोरपणे तोलले आहे. घराण्याचा मान मात्र त्यामुळे गेला नाही. ‘राजराजेंद्र’ हा किताब शितोळ्यांच्या नावामागे पुढे चालत राहिला, आणि महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला वारले तेव्हा शितोळे हे शिंद्यांच्या दरबारातल्या पहिल्या फळीतले घराणे होते.

बाळाबाईंचे नाव इतिहासात नवऱ्याच्या नावापेक्षा ठळक उरले आहे. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात सुर्जी-अंजनगावचा तह झाला. त्यात शिंद्यांचा उत्तरेतला मोठा मुलूख गेला. पण ज्या थोड्या व्यक्तींच्या जहागिरींचा तहात नावानिशी उल्लेख झाला त्यांत बाळाबाई आहेत. तिथे त्यांना आडनाव नाही. शिंद्यांची लेक, शितोळ्यांची सून, पण कागदावर फक्त बाळाबाई. १८१० च्या सुमारास दौलतरावांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ कायम केला. त्या तळाचेच शहर झाले आणि त्याला आजही लष्कर म्हणतात. मराठी सरदारांचे वाडे तिथे उभे राहिले. बाळाबाईंच्या नावाचा बाजार तिथे आहे, फाळक्यांच्या नावाचाही आहे; पण ग्वाल्हेरकर त्यांना ‘बालाबाई का बाज़ार’ आणि ‘फालका बाज़ार’ म्हणतात. शितोळ्यांचेही तिथे ‘शितोले’ झाले. हिंदीच्या वर्णमालेत ळ नाही. फाळके, काळे, शितोळे या सगळ्यांना तिथे ल वर भागवावे लागले. एका अक्षरावरून घर नर्मदेच्या कोणत्या तीरावरचे ते समजते.

शिंद्यांच्या फौजेत महादजी-दौलतरावांच्या काळात दोन युरोपीय सेनानी होते आणि त्यांच्या आडनावांची गोष्ट इथे आठवण्यासारखी आहे. कवायती पलटणी उभ्या करणारा द ब्वान्य हा साव्हॉय प्रांतातल्या शांबेरी गावचा. त्याचे जन्मनाव बेन्वा लबोर्न्य. ‘ल बोर्न्य’ म्हणजे एका डोळ्याने अधू असलेला. मराठीतली बोबडे, लंगडे ही आडनावे ज्या रीतीने पडली त्याच रीतीचे हे आडनाव. सेनापतीपदाला ते शोभणार नाही असे वाटून म्हणा, त्याने ते बदलून खानदानी वळणाचे करून घेतले. त्याच्या जागी आलेला पेराँ हा फ्रान्समधल्या सार्त भागातला; त्याचे खरे नाव प्येर क्युइये. मराठी जिभेनेही आपल्या परीने नावे बदलली. नेपल्सकडून आलेल्या फिलोज घराण्यातला जाँ बातीस्त हा ग्वाल्हेर दरबारचा सरदार मराठी कागदांत ‘जान बत्तीस’ होऊन बसला.

फ्रान्समध्ये आडनावांना असे मोकळे रान पुढे राहिले नाही. १५३९ च्या राजाज्ञेने चर्चच्या वहीत जन्माची नोंद ठेवणे सक्तीचे केले होते, आणि क्रांतीच्या काळात २३ ऑगस्ट १७९४ च्या कायद्याने जन्मदाखल्यावरचे नाव सोडून दुसरे नाव धारण करायलाच बंदी झाली. त्यामुळे तिथे एखादे अगदी विरळ आडनावसुद्धा कोणत्या जिल्ह्यात किती, हे सांगता येते. फ्रान्सच्या सांख्यिकी संस्थेने १८९१ ते १९९० या शंभर वर्षांतल्या जन्मांची आडनावनिहाय आणि जिल्हानिहाय मोजणी पंचवीस-पंचवीस वर्षांच्या चार टप्प्यांत केलेली आहे. भारताच्या जनगणनेत आडनावांचे तक्ते प्रसिद्ध होत नाहीत. मराठी आडनावाचा माग काढायचा तर वाडे, बाजारपेठा, इनामांच्या सनदा आणि देवस्थानांचे मानपान यांच्या वाटेने जावे लागते. या वाटेवर आकडा मिळत नाही, पण एखादे कुळ तिथे का गेले ते मात्र फ्रान्सच्या तक्त्यापेक्षा स्पष्ट कळते.

अंकली हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. चिकोडी तालुक्यात कृष्णाकाठी असलेले हे गाव शितोळ्यांच्या एका शाखेचे ठाणे झाले. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि शितोळ्यांचे एक मोठे घर मराठी राज्याच्या सीमेबाहेर राहिले. कन्नडमध्ये ळ आहे, त्यामुळे तिथे नाव मोडले नाही. महाराष्ट्रातल्या लाखो माणसांना शितोळे हे नाव माहीत आहे ते देशमुखीमुळे नाही आणि दिल्लीमुळेही नाही. ज्ञानोबा माउलींच्या पालखीपुढे चालणाऱ्या अश्वांमुळे आहे.

पालख्यांची परंपरा देहूहून सुरू झाली. तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पादुका पालखीत घालून वारी नेण्यास प्रारंभ केला, आणि पुढे कितीतरी वर्षे ज्ञानदेवांच्या व तुकोबांच्या पादुका एकाच सोहळ्यात जात. ज्ञानदेवांची पालखी स्वतंत्रपणे काढली ती हैबतबाबांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. हैबतबाबा सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, मूळचे पवार. ते ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी होते. सगळे सोडून आळंदीला माउलींच्या समाधीपुढे येऊन राहिले आणि आरफळकर म्हणून ओळखले जाऊ लागले. पालखी एखाद्या राजाच्या स्वारीसारखी निघावी, अशी त्यांची रचना होती. स्वारी म्हटली की घोडे आले, तंबू आला, निशाण आले, नैवेद्य आला. हे सगळे उभे करण्यासाठी हैबतबाबांच्या पाठीशी उभे राहिले ते अंकलीचे शितोळे सरकार. ग्वाल्हेरचा दरबार हा दोघांमधला दुवा असावा, असे म्हणायला जागा आहे.

फौजी शिस्तीत वाढलेल्या माणसांनी भक्तीच्या सोहळ्याला फौजेची शिस्त दिली, हे ज्ञानेश्वर पालखीकडे पाहताना क्षणोक्षणी जाणवते. दिंड्यांना क्रमांक आहेत. काही रथापुढे, काही रथामागे. चोपदाराने चोप उंच धरला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. तळावर पालखी आल्यावर समाजआरती होते आणि हरवले-सापडलेले पुकारले जाते. आणि सर्वांत पुढे अंकलीचे दोन अश्व. एकावर निशाण घेतलेला स्वार. दुसऱ्यावर कोणी बसत नाही, तो माउलींचा. त्याच्या रिकाम्या खोगिरावर ज्ञानदेव आहेत, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. पुढे माळशिरस तालुक्यात गोल रिंगणे. स्वाराचा अश्व पुढे धावतो, माउलींचा मागून येतो आणि दोघे वाऱ्यासारखे रिंगण घेतात. धाव संपली की अश्वांच्या टापांखालची माती कपाळी लावायला माणसे झेपावतात. दिल्लीच्या तख्ताशी जडलेला किताब या कुळाला मिळाला होता. पण आज त्याला खरा मान त्या मातीपाशी मिळतो.

हे अश्व वाहनातून आळंदीला येत नाहीत. ज्येष्ठात ते अंकलीहून निघतात आणि मिरज, सातारा, पुणे अशी वाट चालत दहा-अकरा दिवसांनी आळंदीत पोचतात. वाटेतल्या गावांत त्यांचे मुक्काम ठरलेले असतात. घरोघरच्या सुवासिनी पाण्याने भरलेले तांबे आणि ओवाळणीची ताटे घेऊन रस्त्यावर येतात. दरवर्षी होणारी ही चाल म्हणजे शितोळे या आडनावाची अंकलीहून पुणे प्रांताकडे परतीची वाटच आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीतून प्रस्थान ठेवते. त्याच सुमारास तुकोबांची पालखी देहूहून आकुर्डी, पिंपरी, दापोडी अशी पुण्याकडे येते, आणि सांगवीची माणसे दर्शनाला दापोडीच्या पुलाजवळ जातात.

कृष्णाकाठच्या त्या मुलखात कुळांची नोंद ठेवणारी आणखी एक यंत्रणा आहे, ती हेळव्यांची. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागांत हे लोक बैल घेऊन गावोगाव फिरतात, ठरलेल्या घरांपुढे उभे राहून त्या घराण्याची वंशावळ म्हणतात आणि नव्याने जन्मलेल्यांची नावे वहीत चढवतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या आणि प्रयागच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्याही अशाच. यात्रेकरूचे आडनाव, गाव, पणज्यापासूनची नावे आणि कोण कधी आले होते, हे त्यांत असते. मराठी आडनावांच्या प्रसाराचा इतिहास ज्याला गंभीरपणे लिहायचा आहे, त्याला या चोपड्या उघडाव्या लागतील. त्यांतल्या पुष्कळ वाळवीने आणि दुर्लक्षाने नष्ट होत आहेत, ही फार वाईट गोष्ट आहे.

५ नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईत पेशवाई खचली. सांगवीच्या समोरच, दापोडीला, इंग्रजांच्या बाजूने लढलेली कॅप्टन फोर्डची पलटण होती. लढाईच्या दिवशी ती तिथूनच जाऊन मिळाली. नव्या सरकारने वतनदारांना सुरुवातीला धक्का लावला नाही. मात्र देशमुखाची खरी गरज संपली. १८३० च्या दशकात इंदापूरपासून सुरू झालेल्या जमीनमोजणीने प्रत्येक शेताला नंबर आणि प्रत्येक नंबराला खातेदार दिला. सरकार थेट रयतेपाशी पोचले. खातेवहीत, पुढे शाळेच्या पटावर आणि पलटणीच्या हजेरीत स्वतःचे नाव, बापाचे नाव, आडनाव असा तिहेरी साचा पक्का झाला. ‘बिन’ मागे पडले. १८७४ च्या कायद्याने वंशपरंपरागत हुद्द्यांची घडी बसवली, १९५० च्या कायद्याने परगणा वतने रद्द झाली आणि १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकीही गेली. देशमुख आणि पाटील ही कामे संपली आणि नुसती आडनावे उरली. शितोळ्यांसारखी कुळीची आडनावे यात तशीच राहिली, कारण ती कोणत्याही कामावर उभी नव्हती.

सांगवीत हे आडनाव दाटीतून विरळ झाले ते गेल्या पन्नास-साठ वर्षांत. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६० च्या सुमारास आकुर्डीला बजाज, मागोमाग टेल्को. खडकीचे दारूगोळ्याचे कारखाने आणि दापोडीची एसटीची कार्यशाळा तर हाकेच्या अंतरावर. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. नदीकाठची मळई गुंठ्यांनी विकली गेली, आणि खानदेशातले पाटील-चौधरी, मराठवाड्यातली, सोलापूर-साताऱ्याकडची, कोकणातली माणसे, केरळ-तमिळनाडूतले कामगार घरे बांधून राहिले. नवी सांगवी तर जवळजवळ सगळीच या मंडळींनी वसवली. एकेका सोसायटीच्या पाटीवर आता वीस आडनावे आणि तितकेच तालुके असतात. शंभर वर्षांपूर्वी सांगवीत शितोळे किंवा ढोरे नसलेला माणूस बलुतेदार तरी असे किंवा पाहुणा तरी.

त्या दाटीची खूण मात्र जागांच्या नावांत राहिली. जुन्या सांगवीत शितोळेनगर आहे, ढोरेनगर आहे. शेजारी पिंपळे गुरवला काटेपुरम, वाकडला कस्पटे वस्ती, भोसरीला लांडेवाडी आणि गव्हाणे वस्ती. कोकणात आणि घाटावर गावाच्या नावावरून आडनाव पडले. पिंपरी-चिंचवडमध्ये उलटे घडले आणि आडनावावरून वस्ती झाली. ज्याच्या शेतात भूखंड पडले त्याचे नाव पत्त्यात शिरले. खानदेशातून आलेल्या एखाद्या कामगाराच्या आधार कार्डावर म्हणूनच शितोळे हा शब्द असतो, आडनावाच्या जागी नव्हे, पत्त्याच्या ओळीत. आडनाव असे ते धारण न करणाऱ्यांमध्येही पसरते. फ्रान्सच्या मोजणीत अशा पसरण्याला रकाना नाही.

आडनावाच्या या साऱ्या हिशेबातून नेहमी बाहेर राहिल्या त्या बायका. शितोळ्यांच्या घरची मुलगी जगतापांकडे किंवा काळभोरांकडे दिली की तिचे नाव या नकाशातून पुसले जाते, आणि तिकडून आलेली सून त्यात चढते. सोयरिकीचा नियमच असा, की शितोळ्यांच्या प्रत्येक पिढीची आई दुसऱ्या आडनावाची असते. फ्रान्समध्ये १७९४ च्या त्याच कायद्यामुळे विवाहित स्त्रीचे कायदेशीर नाव मरेपर्यंत माहेरचेच राहते. नवऱ्याचे आडनाव ती फक्त वापरते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत स्वतःच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि मग आडनाव असा क्रम ठरला आहे. आईचे नाव आले. तिचे माहेरचे आडनाव त्यात नाही.